तिसऱ्या मजल्यावरचा हिवाळा

एकोणीस नंबरचा वाफा सोडायची चिठ्ठी माझ्या हातात पडली तेव्हा जानेवारीची सतरा तारीख होती आणि मी दारात बसून मटार सोलत होते. चिठ्ठी खाकी कागदावर होती, शिंपी लोक कापड बेतण्याआधी ज्यावर नमुना काढतात त्या कागदावर. कडा अशी सरळ कापलेली की पट्टी लावून बघावी. आत तीनच ओळी. ‘महिनाअखेर वाफा सोडते आहे. कोणाला हवा असेल त्याला द्यावा. माझ्या हाताला गुण नाही.’

आमच्या वसाहतीच्या मागे उताराची पडीक जागा होती, तिथे वीस वाफे पाडले आहेत. वरून खाली नंबर. एक नंबर बेकरीच्या पाठभिंतीला टेकलेला, वीस नंबर तळाला, कुंपणाच्या भिंतीशी. विसाव्यात आम्ही पालापाचोळा कुजवतो, म्हणजे माणसं एकोणीस. कोणाचा वाफा कोणता, पाण्याची पाळी कोणाची, कोणी पाळी चुकवली आणि काय कारण सांगितलं, याची नोंदवही माझ्याकडे असते. कारणांसाठी मी वेगळा रकाना ठेवला आहे. माणूस ओळखायचा असेल तर तो रकाना वाचावा.

शिंपीणबाईंचा तो रकाना आठ वर्षं कोरा आहे. त्यांनी पाळी कधी चुकवलीच नाही.

मटार तसेच टाकून मी त्यांच्या दुकानात गेले. बाई मशीनवर वाकलेल्या, तोंडात चार टाचण्या. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे टाचण्या मोजायच्या; जितक्या जास्त, तितकं उत्तर आखूड.

“हे काय लिहिलंय?” मी विचारलं.

“लिहिलंय ते.”

“अहो, पण एकदम सोडायचा कशाला?”

त्यांनी टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या. “ताई, मशीन पाच वर्षं धागा तोडत असेल तर मी मशीन बदलते. इथे मशीन मीच आहे. मग काय करायचं?”

“एखादं वर्ष जातं वाईट.”

“पाच. आणि तुमच्या वहीत असेलच, सलग पाच.” त्यांनी कात्री उचलली, परत ठेवली. “दिवसभर मी मान खाली घालून लोकांचं शिवते. वाफ्यात जाऊन तासभर मान खाली घालायचे, ती माझ्यासाठी. बरं वाटायचं हो. पण आता तिथे गेलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. आणि निकाल ठाऊक असतो.”

त्या निकालावर पहिल्यांदा हसणाऱ्यांत मी होते. ‘बाईंचा हात कात्रीला लागतो, मातीला लागत नाही’ हा विनोद बेकरीवाल्याचा. दुसऱ्या वर्षी तो मी केला. नोंद करायची तर सगळीच करावी.

आता आमच्याकडच्या हिवाळ्याबद्दल सांगायला हवं. तो लाजऱ्या पाहुण्यासारखा आहे. येतो, दारात चपला काढतो, ‘बसतो काय, निघतोच’ म्हणतो आणि खरंच निघतो. जिथे दोन-दोन महिने बर्फ पडतं तिथे माणसं फसत नाहीत. त्यांना ठाऊक असतं की वसंत येईपर्यंत जमिनीला हात लावायचा नाही. फसतात आमच्यासारखी. जानेवारीत दुपारी सदऱ्याच्या बाह्या वर कराव्या लागतात, मन म्हणतं लाव टोमॅटो, आणि मग वर्षातून दोन-तीन पहाटे अशा येतात की दव पानावरच गोठतं. पिठी साखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर. त्याला दहिवर म्हणतात. उन्हं आली की ते नाहीसं होतं आणि दुपारपर्यंत टोमॅटो, वांगी, मिरची उकडलेल्या भाजीसारखी काळी होऊन माना टाकतात. मटार, कांदा, पालक यांना त्याचं काही वाटत नाही. नाजूक मंडळींनी मात्र शेवटचं दहिवर पडून गेल्यावरच बाहेर यावं. प्रश्न एवढाच की शेवटचं ते शेवटचं हे कळायचं कसं.

आम्हाला ते अंशकाका सांगायचे. काका पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला होते, एकतीस वर्षं. निवृत्त झाले तरी आकडा वाचल्याशिवाय त्यांना चहा गोड लागेना, म्हणून त्यांनी थर्मामीटर घेतलं आणि रोज पहाटेचा अंश वहीत लिहायला लागले. नाव पडलं ते पडलं. दर जानेवारीत ते वही उघडून हिशेब करायचे आणि मी ती तारीख बागेच्या फळ्यावर लिहायचे: ‘या दिवसापासून टोमॅटो, वांगी, मिरची लावावी.’ सुरुवातीला ती फेब्रुवारीच्या मध्यावर पडायची. मग दहा फेब्रुवारी झाली, मग पाच, मग एक. गेल्या वर्षी तीस जानेवारी. तारीख मागे सरकते म्हणून सगळे खूश होते. “हिवाळा म्हातारा झाला,” बेकरीवाला म्हणायचा. त्याचे टोमॅटो सगळ्यांच्या आधी लाल होत आणि तो ते टोपलीत घालून सगळ्यांच्या दारावरून न्यायचा. द्यायचा नाही. न्यायचा.

सतरा-अठराच्या रोपांची नुसती टोकं काळी पडायची, त्याला आम्ही कीड म्हणायचो; पण एकोणीस नंबरला दर वर्षी फेब्रुवारीत काहीतरी व्हायचं. बाई तारखेला लावायच्या, सगळ्यांसारख्याच. आठवड्या-दहा दिवसांत रोपं काळी. परत लावायच्या. पहिली तीन वर्षं त्यांच्या टोमॅटोंना तोड नव्हती, मी खाल्ले आहेत. पुढे सगळंच बिघडलं. आम्ही म्हटलं, माती वाईट. माती बदलली. मग म्हटलं, पाणी जास्त होतंय. त्यांनी पाणी कमी केलं. शेवटी बदलायला त्याच उरल्या.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी तारीख आणायला काकांकडे गेले. गुडघा दुखायला लागल्यापासून ते मुलाकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून. त्याआधी बागेच्या फाटकालगतच्या तळमजल्याच्या खोलीत असायचे. मुलगा फिरतीवर असतो, त्यामुळे घरात काका आणि सून. सून आरोग्य केंद्रात नर्स आहे. काका तिला चिडवायला ‘सिस्टर’ म्हणतात, ती त्यांना ‘बाबा’. दोघं एकमेकांना औषधं वेळेवर घेतली का ते विचारून छळतात. माझ्या मते बरं चाललं आहे.

“पंचवीस जानेवारी,” काकांनी वही मिटत जाहीर केलं. “रविवारच आहे. लिहा फळ्यावर. पाच हिवाळे झाले, पारा तीनच्या खाली उतरलेला नाही. एकदासुद्धा.”

“लिहिते,” मी म्हटलं. “आणि काका, एकोणीस नंबर रिकामा होतोय. शिंपीणबाई सोडतायत.”

“का?”

“रोपं जळतात म्हणे. दर फेब्रुवारीत. म्हणतात हाताला गुण नाही.”

“हं,” काका म्हणाले. “असतं एकेकाचं.”

सून चहा ओतत होती. ती थांबली. “जळतात म्हणजे कशी? पिवळी पडतात की काळी?”

“काळी. एका दिवसात. शिजवल्यासारखी.”

“सगळ्यांची?”

“नाही, त्यांचीच. तळाला आहे त्यांचा वाफा.”

तिने किटली खाली ठेवली आणि बाल्कनीत गेली. थर्मामीटर स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेलं होतं. तिने त्यामागच्या भिंतीला तळवा लावला, लहान मुलाचा ताप बघतात तसा.

“बाबा, हे पाच वर्षं इथेच आहे?”

“आल्या दिवसापासून. मीच खिळा ठोकला. का?”

“आणि त्याआधी?”

“खाली. लिंबाच्या बुंध्याला. गुडघ्याएवढ्या उंचीवर.”

तिने तळवा तसाच भिंतीवर ठेवला. मला ते बरं वाटलं नाही. ती बोलते तेव्हा घर सुरळीत चालू असतं.

“आमच्याकडे लसींचा फ्रिज आहे,” ती शेवटी म्हणाली. “दिवसातून दोनदा मी त्याचा आकडा लिहिते. नवी मुलगी आली की पहिली चूक हीच करते. दारातल्या कप्प्याचा आकडा लिहिते आणि लस असते मधल्या कप्प्यात. दोन्हींत तीन-चार अंशांचा फरक.”

“मग?”

“मग काही नाही. ही भिंत दिवसभर उन्हात असते. पहाटे मी इथे चहा टाकते. आणि आपण तीन मजले वर आहोत. थंड हवा जड असते, बाबा. पाण्यासारखी उताराने खाली जाते. कुठे साचेल?”

काकांनी चष्मा काढला. “सिस्टर, हे थर्मामीटर तेच आहे. एक अंश इकडचा तिकडे दाखवत नाही.”

“थर्मामीटर तेच आहे. घर बदललं.”

“एकतीस वर्षं मी मीटर वाचले. एका घराची तक्रार आली नाही!”

“मीटर नळापाशी जाऊन वाचत होता ना? की तिसऱ्या मजल्यावरून?”

हे जरा जास्तच झालं. तिलाही कळलं, कारण तिने लगेच बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली. काकांनी बिस्किटांकडे पाहिलं नाही. वही छातीशी धरून ते म्हणाले, “तारीख पंचवीस. लिहा तुम्ही, ताई.”

मी गेले आणि लिहिली. काकांपुढे माझाही कणा तेवढाच.

सोमवारी रोपवाटिकेची गाडी आली आणि वरच्या वाफ्यांतल्या मंडळींनी टोमॅटोची रोपं घेऊन ठेवली. शिंपीणबाईंनी घेतली नाहीत. त्यांनी पाण्याची झारी धुऊन माझ्या दारात ठेवली, बरोबर निरोप: ‘ही बागेची आहे.’ म्हणजे बाई चिठ्ठी लिहून वाट बघत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या; आवराआवर सुरू होती. तीस-एकतीसला वाफा घ्यायला बेकरीवाल्याचा मेहुणा तयार होताच. त्याने येऊन दोनदा पावलांनी मोजूनही पाहिला.

मंगळवारी दुपारी दार वाजलं. बघते तर अंशकाका. तीन मजले उतरून, रस्ता ओलांडून आलेले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

“तुमच्याकडे बर्फ आहे?”

“आहे की. गुडघ्याला लावायचाय?”

“गुडघा राहू द्या. फोडा थोडा आणि पेल्यात घाला. वर पाणी. आणि घरी बोलू नका, सिस्टरला उगाच आनंद होईल.”

पिशवीतून दोन थर्मामीटरं निघाली. एक त्यांचं, बाल्कनीतलं. दुसरं सुनेने आरोग्य केंद्रातून आणून, एक शब्द न बोलता जेवणाच्या टेबलावर ठेवलेलं. काकांनी दोन्ही पेल्यात बुडवली आणि घड्याळ लावून बसले. वितळत्या बर्फाच्या पाण्यात शहाण्या थर्मामीटराने शून्य दाखवायचं असतं. मला वाटतं त्यांना आशा होती की सुनेचं खोटं निघेल. पाच मिनिटांनी त्यांनी वाकून पाहिलं. मग चष्मा पुसून पाहिलं.

“दोन्ही शून्य,” ते म्हणाले. जवळचा माणूस फितूर झाल्यासारखे.

“मग आता?”

“माझं परत बाल्कनीत. उद्या संध्याकाळी सिस्टरचं हे एकोणीसमध्ये ठेवायचं. विटेवर, जमिनीपासून वीतभर. उद्या रात्री ढग नाहीत, वारा नाही. उघड्या आभाळाच्या, पडल्या वाऱ्याच्या रात्रीच दहिवर पडतं, पडलं तर. परवा पहाटे मी स्वतः वाचणार. कोणाच्या तोंडचा आकडा मी वहीत लिहीत नाही.”

“तीन मजले? पहाटे?”

“तुम्ही याल ना. तुमचा खांदा बरा आहे.”

माझ्या खांद्याची अशी स्तुती कोणी केली नव्हती.

गुरुवारी पहाटे साडेसहाला मी जिन्याखाली उभी होते. काका कानटोपी, मफलर, बगलेत वही अशा थाटात पायरी-पायरीने उतरले. फाटकातून आत शिरलो तेव्हा वरचे वाफे नुसते ओले होते. बेकरीची भिंत तर ऊबदार होती, आत भट्टी पेटलेली. काकांचा चेहरा खुलला. “बघा, पाणी आहे. गोठलेलं कुठे आहे?” सातव्या नंबरपर्यंत ते मला हिवाळ्याच्या म्हातारपणाबद्दल सांगत होते. बाराव्याला त्यांनी मफलर आवळला. पंधराव्याला बोलणं बंद. एखाद्या विहिरीत उतरत जावं तसा गारठा पायाकडून वर चढत होता.

एकोणीस नंबरमध्ये कोणीतरी होतं.

शिंपीणबाई पाठमोऱ्या उकिडव्या बसल्या होत्या आणि मिरचीच्या एका झुडपावरून गोधडी काढत होत्या. झुडूप कमरेएवढं, दोन-तीन वर्षांचं असावं, भोवती चार काटक्या रोवलेल्या आणि वर तुकडे जोडून शिवलेली गोधडी, झुडपाच्या मापाची. खाली बाकी सगळं पांढरं. गवत, ढेकळं, विटा. आमची चाहूल लागताच त्यांनी गोधडी पाठीमागे लपवली. चोरी करताना सापडल्यासारख्या.

“काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “उगाच. माझी आपली खोड.”

“किती दिवस घालताय?” काकांनी विचारलं.

“घालते थंडीचे दोन महिने. तुम्ही लोक यायच्या आत काढते.”

“काढता कशाला?”

“हसतील ना! तुमच्या वहीत थंडी नाही आणि ही बाई मिरचीला गोधडी शिवते.”

काका काठीवर भार देऊन वाकले. त्यांनी गवतावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले. मग विटेवरचं थर्मामीटर उचललं. मला दाखवलं. शून्याच्या खाली एक पूर्ण रेघ. माझ्या फोनवरून त्यांनी घरी विचारलं. “सिस्टर, वर किती?” सुनेचा आवाज मलाही ऐकू आला. “साडेतीन, बाबा. खाली?” काकांनी फोन माझ्याकडे दिला.

“हे पांढरं,” त्यांनी बाईंना विचारलं, “हे पूर्वी पाहिलंत?”

“दर वर्षी. मला वाटायचं भिंतीचा चुना उडतो.”

“चुना उन्हाने वितळतो का हो?”

“नाही वितळत,” बाई म्हणाल्या. “पण वहीत नव्हतं ना, काका. म्हटलं, वहीत नाही म्हणजे आपल्यालाच काहीतरी भलतं दिसतंय.”

यावर मी मान खाली घातली. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मीही तळाशी हे पांढरं पाहिलं होतं आणि उन्हाची तिरीप समजून परत फिरले होते. एकोणीस माणसांत दोघींनी तरी पाहिलं, आणि दोघींनी आपापल्या डोळ्यांना खोटं पाडलं.

काका कुजवणीच्या कट्ट्यावर बसले. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून चूक निघायला वेळ लागतो. ती खोल गेलेली असते.

“तुमच्या हाताला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “मी वर राहायला गेलो आणि तिथला हिवाळा तुम्हाला सांगत बसलो. त्या तारखांना तुमची रोपं जगणं शक्यच नव्हतं.”

मला वाटलं बाई रडतील. त्या रडल्या नाहीत, तापल्या. “पाच वर्षं, काका! पाच वर्षं मी स्वतःला शिव्या घालतेय. माती बदलली, बी बदललं, देवाशी भांडले!”

“माझ्या वाटणीच्या मला द्या आता.”

“तुम्हाला कशा देऊ? तुम्ही वडीलधारे.”

“मग ताईंना द्या. त्यासुद्धा हसल्या होत्या.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गोधडीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी ती घडी केली. बाई म्हणाल्या, “घडी उलटी घालताय.” मी सुलट घातली.

“किती वेळा पडलं असेल?” काकांनी वही उघडली. “अंदाज नको. अंदाज मी लिहीत नाही.”

“अंदाज कशाला? पहिल्या वर्षी लग्नाच्या ब्लाउजांची घाई होती, द्यायच्या आदल्या सकाळी सगळी रोपं गेली. दुसऱ्या वर्षी त्या जाड्या वकिलाचा कोट होता. मापाच्या वहीत तारखा असतील.”

“आणा वही.”

“आत्ता?”

“मग काय गुडघा परत परत उतरवू?”

बाई गेल्या आणि आल्या. मग त्या कट्ट्यावर दोन वह्या शेजारी-शेजारी उघडल्या. एकीत छाती, कंबर, बाही, द्यायची तारीख, दुसरीत अंश. बाई बोट ठेवून सांगायच्या, “हा कोट. तेरा फेब्रुवारी. त्या सकाळी वांगी गेली.” काका आपल्या वहीत ती तारीख काढायचे, तिथे त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं असायचं, चार अंश. किंवा साडेतीन. ते आकडा खोडत नव्हते. शेजारी बारीक अक्षरात लिहीत होते: ‘तळाला दहिवर. साक्ष, शिंपीणबाई.’ पाच वर्षांत अकरा वेळा. अकराव्यानंतर त्यांनी पेन बंद केलं तेव्हा गवतावरचं पांढरं गेलं होतं.

“आता तरी चिठ्ठी मागे घ्या,” मी म्हटलं.

“का म्हणून?” बाई म्हणाल्या. “इथे तिघांनी बोलून काय होतं? फळ्यावर पंचवीसच आहे. उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याने आणि ताईंनी बिचारीची दया केली. दयेचा वाफा मला नको. त्यापेक्षा मेहुण्याला द्या.”

काकांनी काठी टेकली. “रविवारी किती वाजता जमतात सगळे?”

रविवारी साडेआठला सगळे जमले. ट्रे, खुरपी, मुलंबाळं. बेकरीवाला नव्या हातमोज्यांत. काका सुनेच्या आधाराने आले, आणि मला फळा पुसायला सांगितलं. पंचवीस पुसल्यावर कुजबुज झाली.

“गेल्या पाच वर्षांचे माझे आकडे बाल्कनीचे आहेत,” काका म्हणाले. आवाज मोठा होता. मीटर वाचणाऱ्याला दारातून आत हाक मारायची सवय असते. “बागेचे नाहीत. बागेत अकरा वेळा दहिवर पडलं, माझ्या वहीत एकदाही नाही. शिंपीणबाईंनी दर वेळी पाहिलं. त्यांची रोपं माझ्या तारखेने मेली. हाताबिताचा जो विनोद तुम्ही करता तो यापुढे माझ्यावर करावा.”

बेकरीवाला ट्रे हातात धरून उभा. “म्हणजे काका, हिवाळा म्हातारा झालेला नाही?”

“मी झालो.”

“पण माझे तर कधी जळले नाहीत!”

“तुमच्या भिंतीमागे भट्टी आहे. तुमच्या टोमॅटोंचं माहेर आहे ते. तुम्ही आज लावा, हरकत नाही. दहाव्या नंबरपर्यंतच्यांनी आठ दिवस थांबा. त्याखालच्यांनी पंधरा फेब्रुवारी. तोवर मटार लावा, पालक लावा, कांदा लावा. त्यांना कोणी आडवं येत नाही.”

“एका बागेत तीन तारखा?”

“एका घरात तीन स्वभाव असतात,” सून म्हणाली, “तिथे चालतं ना?” काकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण आधाराचा हात सोडला नाही.

मी फळ्यावर तीन तारखा लिहिल्या. खालच्या वाफ्यांतल्या दोघा-तिघांनी कुरकुर केली, मग ट्रे उचलून सावलीला नेले. बेकरीवाल्याचा मेहुणा मागे उभा होता, तो हळूच म्हणाला, “मग तळाचा वाफा काही खरा नाही,” आणि नाहीसा झाला. बेकरीवाला मात्र शिंपीणबाईंपाशी गेला. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, “बाई, ती गोधडी... मोठी शिवून मिळेल का? दोन वाफ्यांची?”

“हात कात्रीला लागतो माझा,” बाई म्हणाल्या. “बघते.”

तो तिथून निघाला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. मला फार बरं वाटलं, आणि लगेच आठवलं की त्या विनोदात माझाही भाग आहे.

बाई मग माझ्याकडे आल्या. “ती चिठ्ठी फाडली तर नाहीत ना?”

“आहे.”

“द्या इकडे. कागद चांगला होता, त्यात एक कॉलर बसते.”

एक गोष्ट उरलीच होती. एकोणीस नंबरमध्ये खांब रोवून थर्मामीटर टांगायचं ठरलं, आणि काका रोज तीन मजले उतरू शकत नाहीत. आकडा वाचणार कोण? काकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि शेवटी जिच्याकडे पाहायचं होतं तिच्याकडे पाहिलं.

“खांब माझ्या मिरचीपासून दोन हात लांब,” बाई म्हणाल्या.

“दीड.”

“दोन. वाफा माझा आहे.”

“दोन,” काका म्हणाले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोनदा दहिवर पडलं. तळाचे वाफे पालक आणि मटार घेऊन आरामात होते. बेकरीवाल्याच्या रोपांची टोकं थोडी काळी पडली; तो म्हणतो, कीड आहे.

रोज सकाळी पावणेसातला बाई इमारतीखाली उभ्या राहून वर बघतात. दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने माझ्याकडे तक्रार केली आहे की झोपमोड होते. मी ती कारणांच्या रकान्यात लिहून ठेवली.

“काका! दोन!”

तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडते. “दोन की अडीच?”

“दोनच्या किंचित वर.”

“किंचित म्हणजे किती?”

“सुईच्या नाकाएवढं!”

“असा आकडा नसतो, बाई! नीट वाचून या!”

बाई एक क्षण कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. मग पुटपुटत परत बागेकडे वळतात, तळापर्यंत.